कर्मक्षेत्रातील विषाद आणि कर्माची पाच कारणे

गीतेचा पहिला अध्याय पुष्कळ वाचक उरकून टाकतात. योद्ध्यांची नावे आली, शंखांची नावे आली, मग अर्जुनाचा शोक आला; खरी गीता दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून, असा समज रूढ आहे. भगवान शंकराचार्यांचे सविस्तर विवरणही तेथूनच सुरू होत असल्याने या समजास एक प्रकारची प्रतिष्ठा लाभली आहे. तथापि परंपरेने या अध्यायास 'अर्जुनविषादयोग' असे नाव दिले आहे, हे विसरता कामा नये. जसा कर्माचा योग, ज्ञानाचा योग, भक्तीचा योग, तसाच विषादाचाही योग. खचलेले मन शास्त्राच्या उंबरठ्याबाहेर ठेवलेले नाही. त्याच्यापासूनच शास्त्राचा आरंभ झाला आहे.

नोकरीच्या ठिकाणी मनुष्याचे मन का खचते आणि ते कसे सावरावे, हा प्रश्न आज घरोघरी उभा आहे. नैराश्य आणि चिंता या दोन विकारांपायी जगात दरवर्षी कामाचे सुमारे १२०० कोटी दिवस वाया जातात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या निमित्ताने मांडला. १० ऑक्टोबर २०२४ रोजी पाळल्या गेलेल्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा विषयही कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हाच होता. आकडे मोठे आहेत. परंतु गीतेच्या अभ्यासकाने आरंभ करावा तो एका माणसापासून. गीताही एका माणसापासूनच सुरू होते.

त्या माणसाची लक्षणे संजयाने अर्जुनाच्याच तोंडून धृतराष्ट्राला ऐकविली आहेत (अ. १, श्लो. २८ ते ३०). अवयव गळून जात आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, रोमांच उभे राहिले आहेत, हातातून गांडीव निसटते आहे, त्वचेचा दाह होतो आहे, उभे राहवत नाही, मन भोवंडून गेले आहे. त्यापुढे अशुभ चिन्हे दिसू लागतात. या वर्णनात कवीने कोठेही 'भ्याला' असा एका शब्दात निकाल दिलेला नाही. त्याने शरीर दाखविले आहे. सकाळी कार्यालयाच्या पायऱ्या चढताना ज्याच्या छातीत धडधड होते, साहेबांचे बोलावणे येताच ज्याचा घसा कोरडा पडतो, रविवारच्या संध्याकाळीच ज्याला सोमवारचे भय वाटू लागते, त्याला हे श्लोक परके वाटणार नाहीत.

आणि हा माणूस कोण? कालपरवा धनुष्य हाती धरलेला नवशिका नव्हे. विराटाच्या गायी सोडविताना ज्याने बहुतेक एकट्याने कौरवसेना परतविली, तोच हा. त्याचे कौशल्य काल होते तेवढेच आजही आहे. म्हणून जो काम करीनासा झाला त्याला काम येत नसावे, किंवा तो आळशी असावा, हा अधिकाऱ्यांचा नेहमीचा तर्क पहिल्याच अध्यायात खोटा ठरतो. उलट असे दिसते की, ज्याला कर्तव्याची चाड अधिक त्याचेच मन अधिक लवकर कचाट्यात सापडते. बेफिकीर मनुष्याला विषाद होत नाही. दुर्योधनाला तो झाला नाही.

आता भगवंतांचे वर्तन पाहावे. अर्जुनाने सांगितले तेव्हा त्यांनी रथ दोन सेनांच्या मध्ये उभा केला आणि जमलेल्या कुरूंना पाहा एवढेच म्हणाले (१.२५). त्यानंतर अर्जुन बोलू लागतो तो अध्यायाच्या अखेरीपर्यंत बोलतच राहतो. एवढ्या वेळात श्रीकृष्णांच्या मुखातून एक अक्षरही बाहेर पडत नाही. तर्क चुकीचे आहेत, काही ठिकाणी तर ते एकमेकांना छेदणारे आहेत. पण मध्येच अडवून दुरुस्ती केलेली नाही. धनुष्यबाण टाकून अर्जुन रथात खाली बसतो, तोपर्यंत त्याला बोलू दिले आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत भगवंत त्याला खडसावतात: ही दुर्बळता तुला शोभत नाही, ऊठ. आजचा सर्वसाधारण वरिष्ठ जे सांगतो ते नेमके हेच. मन खंबीर करा, सर्वांनाच ताण असतो, आमच्या वेळी याहून अधिक काम होते. या खडसावण्याचा परिणाम काय झाला, हे पुढच्या सहा श्लोकांत आहे. अर्जुन उठला नाही. त्याने पुन्हा आपली व्यथा सांगितली, शिष्यत्व पत्करले, 'मी लढणार नाही' असे म्हणून तो गप्प बसला. नुसत्या धिक्काराने विषाद जात नाही, हे भगवंतांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण ते वाचकाला ठाऊक व्हावे म्हणून तो प्रयोग गीतेत नोंदलेला आहे. त्यानंतर जे झाले ती गीता: प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न, अठराव्या अध्यायापर्यंत.

येथे एक मर्यादा आधीच स्पष्ट केली पाहिजे. विषाद आणि व्याधी यांत भेद आहे, आणि तो घरच्या घरी ठरविता येत नाही. कामाच्या दीर्घकालीन, न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या शिणवट्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, स्वतंत्र स्थान मिळाले आहे. पण रोग म्हणून नव्हे, व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून. तिची तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. नैराश्याचा विकार याहून निराळा. तो कार्यालय सुटले तरी सुटत नाही. झोप, भूक, आप्तांविषयीचा जिव्हाळा, सर्व व्यापून टाकतो. त्याला वैद्य हवा. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले. आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. यास लज्जा हे एक मोठे कारण आहे. 'भक्ती कमी पडली म्हणून असे झाले' असे घरच्यांनी म्हणणे, ही त्या लज्जेत घातलेली भर होय. गीतेच्या नावावर असे बोलणे तर सर्वथा अनुचित आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. जप, होम, उपवास इत्यादी पहिल्यात येतात. आहार व औषध यांची योजना दुसऱ्यात. अहितकर विषयांपासून मन आवरणे तिसऱ्यात. तिन्ही शेजारी शेजारी सांगितली, एक दुसऱ्याच्या जागी नव्हे. पारायण करणाऱ्याने औषध घेऊ नये, असे कोणत्याही आचार्याने लिहिलेले नाही.

आता या पाठाच्या मुख्य विषयाकडे वळावे. अठराव्या अध्यायात, तेराव्या श्लोकापासून, भगवंत सांख्यशास्त्राचा हवाला देऊन कर्मसिद्धीची पाच कारणे सांगतात. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर, करण म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणापानादी वायूंचे व्यापार आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता असा अर्थ केला आहे. रामानुजाचार्यांनी दैव या पदाने अंतर्यामी परमात्मा घेतला. अध्यात्मदृष्ट्या हे अर्थ प्रमाण आहेतच. पण भगवंतांनी पुढच्याच श्लोकात शरीर, वाणी व मन यांनी मनुष्य जे जे कर्म आरंभितो, न्याय्य असो वा विपरीत, त्या सर्वांची हीच पाच कारणे, असे म्हटले आहे. 'सर्व' या शब्दात गृहस्थाची नोकरीही येते. म्हणून हीच मांडणी व्यवहारात लावून पाहण्यास प्रत्यवाय नाही.

एखाद्या बँकेच्या शाखेचे उदाहरण घ्यावे. मार्च महिना चालू आहे. एकतीस तारखेच्या आत इतक्या ठेवी, इतकी कर्जे, वर इतक्या विमा-पॉलिसी, असे लक्ष्य वरून आले आहे. शाखा आडगावात आहे. यंदा पाऊस रुसला, शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही. संगणकाची जोडणी दिवसातून चार वेळा तुटते. दोन लिपिकांच्या जागा रिकाम्या आहेत. लक्ष्य अपुरे राहते. मग कार्यालयाच्या बैठकीत शाखाधिकाऱ्याला सर्वांदेखत उभे करून विचारले जाते: तुम्ही काय करीत होता? आता पाच कारणे मोजावी. गाव व शाखा हे अधिष्ठान. संगणक व मनुष्यबळ ही करणे. सर्वांचे मिळून होणारे व्यापार या चेष्टा. पर्जन्य हे दैव. उरला एक कर्ता. पाचांपैकी चारांचा हिशेब न घेता सारा भार एकावर टाकला गेला. भगवंत यापुढे (१८.१६) म्हणतात की, वस्तुस्थिती अशी असता जो केवळ स्वतःलाच कर्ता पाहतो त्याची बुद्धी संस्कार झालेली नाही, त्याला दिसतच नाही. हा श्लोक आजवर अहंकाराच्या खंडनासाठी वाचला गेला. यश मिळाल्यावर 'मी केले' म्हणणाऱ्यासाठी. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अपयश आल्यावर 'सर्व माझ्यामुळेच बिघडले' असे रात्रभर कुढणाऱ्याची बुद्धीही त्याच अज्ञानात असते. अभिमान आणि आत्मधिक्कार ही एकाच कर्तृत्वभ्रमाची दोन रूपे आहेत. पहिल्याने मनुष्य फुगतो, दुसऱ्याने वाळतो.

यातून कर्ता सुटला, त्याने हात झटकावे, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. तोही पाचांतील एक आहे आणि त्याच्या वाट्याचे त्यालाच केले पाहिजे. किती वाट्याचे, एवढाच प्रश्न.

'कर्ता' या शब्दाविषयी येथे थोडे थांबणे उपयोगी होईल. भगवान पाणिनींनी कारकप्रकरणात कर्त्याचे लक्षण एकाच शब्दात सांगितले आहे: स्वातंत्र्य. क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र म्हणून विवक्षित असतो तो कर्ता. सुतार तासतो तेव्हा सुतार कर्ता, वाकस करण. वाकस कितीही धारदार असला तरी कोठे मारावे हे तो ठरवीत नाही. ज्याला कामाची रीत, क्रम, वेळ यांपैकी काहीही ठरविता येत नाही, पण जो परिणामाला मात्र जबाबदार धरला जातो, त्याची स्थिती व्याकरणदृष्ट्याही विचित्र आहे: त्याला वागविले जाते करणासारखे आणि शिक्षा होते कर्त्यासारखी. आश्चर्य असे की, आधुनिक संशोधनही याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे. रॉबर्ट कारासेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली अशी उपपत्ती मांडली की, कामाचा बोजा एकटा माणसाला तितका मोडत नाही; बोजा मोठा आणि निर्णयाची मोकळीक थोडी, ही जोडी त्याला मोडते. लंडनमधील सरकारी नोकरांपैकी १०,३०८ जणांची दीर्घकालीन पाहणी १९८५ पासून सुरू झाली. तिच्यातून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, ज्यांना आपल्या कामावर ताबा कमी होता त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. ही माणसे खाणीत राबणारी नव्हती. टेबलाशी बसून कागद हलविणारी होती. स्वातंत्र्य हिरावले गेल्याची किंमत शेवटी हृदयाने दिली.

पाणिनींचे पुढचेच सूत्र याहून मार्मिक आहे. स्वतंत्र कर्त्याला जो प्रेरणा देतो त्याला हेतू ही संज्ञा आहे आणि कर्ता हीही संज्ञा आहे. देवदत्त रांधतो, यज्ञदत्त त्याच्याकडून रांधवितो. तर यज्ञदत्तही कर्ताच. मराठीत करणे आणि करविणे अशी जोडी आहे, तिचे मूळ या प्रयोजक-प्रयोज्य संबंधात. म्हणजे वरिष्ठ अधिकारी, मालक, संचालक हे सर्व प्रयोजक कर्ते होत. करविणाऱ्याला करण्यातून अंग काढून घेता येत नाही. भात करपला तर रांधणाऱ्याला जाब विचारावा, हे योग्य. पण लाकडे ओली कोणी दिली, हेही विचारावे.

'मी एक दिवस नसलो तर सारे कोसळेल' ही भावना पुष्कळ कर्तव्यनिष्ठ नोकरांना रजा घेऊ देत नाही. या संदर्भात रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये बँकांना दिलेली सूचना ध्यानात घेण्याजोगी आहे. संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवावे, अशी ती सूचना. उद्देश गैरव्यवहार उघडकीस यावेत हा आहे, मनःस्वास्थ्याचा नाही. तरीही तिचा एक अनपेक्षित धडा आहे: दहा दिवस माणूस नसतो आणि बँक चालूच राहते. हे कळणे काहींना अपमानास्पद वाटते. वस्तुतः ते औषध आहे.

आता करविणाऱ्याच्या बाजूने पाहू. याच अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचे लक्षण आहे. पुढे काय होईल, किती हानी होईल, कोणाला इजा होईल, आणि आपले सामर्थ्य किती, या चार गोष्टी न पाहता मोहाने जे आरंभिले जाते ते कर्म तामस. अनुबंध, क्षय, हिंसा, पौरुष, असे ते चार शब्द आहेत. अनुवाद करताना यांतील 'पौरुष' हा शब्द हमखास घोटाळा करतो. मराठीत तो पराक्रमाकडे ओढला जातो. येथे त्याचा अर्थ आहे आवाका: हे काम पुरे करण्याची शक्ती आहे की नाही. भाष्यकारांनीही तो तसाच घेतला आहे. पाच माणसांचे काम तिघांकडून करवून घेण्याचा बेत आखताना कोणी या चार शब्दांपैकी एकाचाही विचार केला नसेल, तर तो बेत कितीही चकचकीत तक्त्यावर मांडलेला असो, शास्त्राच्या भाषेत तामसच. आणि अशा संस्थेने वर्षातून एकदा २१ जूनला सतरंज्या अंथरून सर्वांना प्राणायाम करावयास लावला, तर प्राणायामाचा दोष काही नाही, पण त्याने तमाचे सत्त्व होत नाही.

येथे दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकाचा विचार टाळता येणार नाही, कारण गीतेतील दुसऱ्या कोणत्याही वचनाचा कचेऱ्यांत एवढा दुरुपयोग झालेला नाही. कर्मावर अधिकार, फलावर नाही, असा त्याचा भावार्थ भिंतीवर रंगवून ठेवला जातो. पगारवाढ मागणाऱ्याला, रजा मागणाऱ्याला तो दाखविला जातो. हा अर्थविपर्यास आहे. भगवंत हे वचन अर्जुनाला सांगतात, अर्जुनाने ते दुसऱ्याला ऐकवावे म्हणून नव्हे. फलासक्ती सोडणे हे साधकाचे स्वतःचे व्रत आहे. दुसऱ्याचे फल रोखून धरण्याची ती परवानगी नव्हे. उपवास करावा तो स्वतः. दुसऱ्याचे ताट ओढून घेऊन त्याला एकादशीचे पुण्य सांगू नये. वेतन हे तर श्लोकातील 'फल'ही नव्हे, ते ठरलेले देणे आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने निवाडा करावयाची अठरा व्यवहारपदे मोजली आहेत, त्यांत वेतन न देणे हे एक स्वतंत्र पद आहे. त्याच प्रकरणात (८.२१६) आजारी पडलेल्या भृतकाविषयी विधान आहे: बरा झाल्यावर त्याने ठरल्याप्रमाणे काम पुरे केले, तर मध्ये दीर्घ काळ गेला असला तरी त्याला वेतन मिळालेच पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातही व्याधी किंवा संकट यांत सापडलेल्या कामकऱ्याला सवलत अथवा बदली माणसाकडून काम करविण्याची मुभा दिली आहे. 'आमच्या परंपरेत रजा-बिजा नव्हती' असे म्हणणाऱ्यांनी ही दोन ठिकाणे एकदा उघडून पाहावीत. आणि व्याधी ही शरीराचीच असते असे मानण्याचे दिवसही आता गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे असे ठरविले आहे.

कामाच्या तासांचा विषय गीतेत सहाव्या अध्यायात आला आहे (श्लो. १६ व १७), आणि तोही ध्यानयोगाच्या प्रकरणात. अति खाणाऱ्याला योग नाही, मुळीच न खाणाऱ्याला नाही. अति निद्रा घेणाऱ्याला नाही, जागत राहणाऱ्यालाही नाही. ज्याचा आहारविहार, कर्मांतील परिश्रम, निद्रा व जागृती ही सर्व युक्त, म्हणजे बेताची, त्याचाच योग दुःखनाशक होतो. कर्मांतील परिश्रमही बेताचे हवेत, हे येथे उघड शब्दांत आहे. कर्म कितीही केले तरी ते पुण्यच, अशी समजूत असणाऱ्यांच्या नजरेतून हा श्लोक बहुधा निसटतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने घातली, भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने ती कारखान्यांसाठी पक्की केली. त्याच्याही आधी, मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. रविवार हा खंडोबाचा वार. देवदर्शनाला आणि घराला माणूस त्या दिवशी मिळू लागला. आता खिशातील दूरध्वनीने तो रविवार पुन्हा गिळण्यास आरंभ केला आहे. रात्री अकराला आलेल्या निरोपाला सकाळपर्यंत थांबता येत नाही असे काम फार थोडे असते. रुग्णालय, अग्निशामक दल, आगगाडी यांची गोष्ट निराळी.

वाणीविषयी थोडक्यात सांगणे पुरे. सतराव्या अध्यायात वाङ्मय तपात बोलण्याची चार अंगे आहेत: दुसऱ्याला उद्विग्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे. क्रमात अनुद्वेग पहिला आहे. चूक दाखवू नये असा याचा अर्थ नाही, कारण सत्य व हित हीही अंगे आहेत. चूक एकांतात दाखवावी, कामाविषयी बोलावे, माणसाविषयी नव्हे, एवढे पाळले तरी निम्मे तप साधते. बाराव्या अध्यायात ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही त्याला भगवंत प्रिय म्हणतात. एखाद्या अधिकाऱ्याला आपली योग्यता पाहावयाची असेल तर त्याने एवढेच पाहावे की, आपण खोलीत शिरताच चाललेले बोलणे थांबते की चालू राहते.

गृहस्थाश्रमी वाचकांसाठी एक गोष्ट उरते. खचलेला माणूस प्रथम कार्यालयात दिसत नाही, घरी दिसतो. जेवणावरची वासना उडते, मुलांवर विनाकारण राग निघतो, पहाटे तीनला जाग येते, आवडीचे भजन वा पुस्तक बाजूला पडते. दुसऱ्या अध्यायात (६२ व ६३) विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी साखळी सांगितली आहे, तिच्यात क्रोधानंतर संमोह आणि मग स्मृतिभ्रंश येतो. घरच्यांना दिसतो तो मधला क्रोध, आणि तेवढ्यावरच भांडण होते. त्याच्या मागे काय घडले हे विचारणे अधिक हिताचे. विचारावे आणि ऐकावे, पहिल्या अध्यायातील श्रीकृष्णांप्रमाणे, मध्ये न बोलता. 'शेजारच्या अमुकाकडे पाहा, तो कसा निभावतो' हे वाक्य शक्य तर कायमचे टाकून द्यावे. दोन-तीन आठवडे असेच चालले तर वैद्याकडे न्यावे. 'जगून काय उपयोग' असे शब्द एकदाही कानी आले तर ते बोलण्याचा भर म्हणून सोडून देऊ नयेत. माणसाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत मागावी. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालते.

बरा होऊन जो कामावर परततो त्याच्याशी कसे वागावे, याचेही दर्शन गीतेत आहे. सर्व सांगून झाल्यावर भगवंत आज्ञा करीत नाहीत, सर्व बाजूंनी विचार करून तुला इच्छा असेल तसे कर, असे म्हणतात (१८.६३). ज्याचे स्वातंत्र्य हरपले होते त्याला कर्तेपण परत दिले. आणि त्यानंतरही ते प्रश्न विचारतात (१८.७२): तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना? उपदेश संपवून वक्ता निघून गेला नाही. श्रोत्याची अवस्था त्याने पुन्हा विचारून घेतली. परतलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी साचलेले सर्व काम न देता थोडे थोडे द्यावे, आणि आठ-पंधरा दिवसांनी शांतपणे विचारावे की, झेपते ना.

स्वाध्यायासाठी अठराव्या अध्यायातील १३ ते १६ आणि २३ ते २८ हे श्लोक घ्यावेत. प्रथम पदच्छेद व अन्वय लावावा, मग शांकरभाष्य पाहावे, आणि त्यानंतर प्रत्येकाने आपल्या मागच्या आठवड्यातील एक बिघडलेले काम घेऊन त्याची पाच कारणे एका कागदावर मांडावी. कर्त्याचा रकाना सर्वांत शेवटी भरावा.